व्हेरोनेसेने चित्राचं नाव बदललं: हुशारी की माघार?

रंगारी (धागाकर्ता)
व्हेनिसच्या अकादेमिया संग्रहालयात पाओलो व्हेरोनेसेचं एक अवाढव्य चित्र आहे. उंची साडेपाच मीटर, रुंदी जवळजवळ तेरा. डॉमिनिकन साधूंच्या मठातल्या जेवणघरासाठी त्याने 1573 मध्ये येशूचं शेवटचं भोजन रंगवलं. तिथलं तिशियनचं आधीचं चित्र 1571 च्या आगीत गेलं होतं.

पण याने सुतकी चेहरे काढायचे सोडून श्रीमंत व्हेनिसची पंगतच बसवली. संगमरवरी कमानी, बुटके, मनगटावर पोपट घेतलेला विदूषक, नाकातून रक्त येणारा नोकर, जिन्यावर दारू पिणारे जर्मन शिपाई. 18 जुलै 1573 ला धर्मन्यायालयाने (धर्मविरोधी वागणाऱ्यांची चौकशी करणारं कॅथलिक चर्चचं न्यायालय) बोलावलं आणि हुकूम सोडला: तीन महिन्यांत, स्वखर्चाने चित्र दुरुस्त कर. पठ्ठ्याने नाव 'लेवीच्या घरची मेजवानी' केलं, कठड्यावर बायबलमधल्या लूकच्या पाचव्या अध्यायाचा दाखला रंगवला, खेळ खलास! सत्तेला इतका झकास गुंगारा दुसऱ्या कुणी दिलेला मला तरी आठवत नाही.

तिरकस
गुंगारा कसला, सपशेल शरणागती. त्याची जबानी उपलब्ध आहे, वाचा. 'कवी आणि वेडे घेतात ती सूट आम्ही चित्रकारही घेतो' हे वाक्य सगळे मिरवतात. पुढे त्याने थोरांवर ढकललं, म्हणे मायकेलँजेलोनेही 'अंतिम न्याया'त नागडी माणसं काढलीत. त्यावर उत्तर मिळालं की त्या दिवशी कपडे असतील असं कोण म्हणतं? निरुत्तर! शेवटी 'मला समर्थन करायचं नाही, बरोबर करतोय असं वाटलं' यावर गाडी आली. ज्याला आपल्या चित्राचं नावही राखता आलं नाही, त्याला बंडखोर कशाला म्हणायचं?

जकातनाका
दोघेही नावावरच अडलात. लेवी कोण, तर जकातदार. येशू त्याच्या घरी जकातदार आणि पापी लोकांबरोबर जेवला म्हणून परूशी, म्हणजे कर्मठ यहुदी, कुरकुरले. दारुडे, विदूषक, पोपट तिथे नाही शोभणार तर कुठे? माझ्या मते चित्राला खरं नाव दुसऱ्या खेपेला सापडलं.

तिरकस
@जकातनाका, मग मधल्या कमानीखाली येशूशेजारी त्याचा शिष्य पेत्र कोकरू कापतोय त्याचं काय? मांडणी शेवटच्या भोजनाचीच आहे. पाटी बदलून पंगत बदलत नाही.

मांडवीकाठ
आम्हा गोंयकारांना 'धर्मन्यायालय' हा शब्द एवढ्या हलक्याने घेता येत नाही. गोव्यात ते 1560 ला आलं आणि माणसांना नाव बदलून सुटता आलं नाही. व्हेनिसमध्ये त्या न्यायालयात प्रजासत्ताकाचे प्रतिनिधीही बसायचे, रोमला, म्हणजे पोपला, रान मोकळं नव्हतं. व्हेरोनेसेची हुशारी मान्य, पण तिला ते छत्र होतं.

रंगारी
@मांडवीकाठ, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. धाग्यात 'सत्तेला गुंगारा' लिहिलंय, ते 'रोमला' असं वाचा.
@तिरकस, माघार म्हणताय, तर एक सांगा. पुढच्या बाजूला कुत्रा बसलाय, त्याच्या जागी येशूची शिष्या मरिया मॅग्दालेना रंगव असा न्यायालयाचाच निरोप मठाच्या प्रमुखाने आधी दिला होता. ती तिथे बरी दिसेल असं वाटत नाही म्हणून याने टाळलं, आणि हे त्याने न्यायालयातच सांगितलं. कुत्रा अजून तिथेच आहे.

तिरकस
कुत्रा तुमचा. कोकऱ्याचं उत्तर अजून आलेलं नाही.