रस्ता प्राधिकरणाचा, गटार कुणाचं?

सेक्रेटरी (ए-२०१): नमस्कार मंडळी. नगरपरिषदेच्या येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आपलं शहर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (अनेक शहरं-गावांचं एकत्र नियोजन आणि मोठी कामं करणाऱ्या शासनाच्या संस्थेच्या) हद्दीत घेण्याबाबत शासनाला अभिप्राय कळवण्याचा विषय आहे. प्रभागातल्या नगरसेविका ताईंनी सोसायट्यांचं म्हणणं लेखी मागितलंय. ज्यांना काही सांगायचंय त्यांनी इथे लिहा, त्यावरून पत्र तयार करू. कृपया फॉरवर्ड टाकू नका.

सी-३०३: माझा पूर्ण पाठिंबा. आपल्या नगरपरिषदेकडे धड एक मोठा रस्ता करायची ताकद नाही. प्राधिकरण आलं की रिंग रोड, पूल, मोठी पाणी योजना सगळं येईल. पुण्याकडे हिंजवडी ते शिवाजीनगर २३ किलोमीटरची मेट्रो पीएमआरडीएने, म्हणजे पुण्याच्या अशाच प्राधिकरणाने, हाती घेतली. एखाद्या नगरपरिषदेला हे कधी झेपलं असतं का?

ए-००२ काकू: मेट्रो राहू दे बाबा. आधी गेटसमोरचं पाणी काढा. परवाच्या पावसात माझ्या बाल्कनीच्या पायरीपर्यंत आलं होतं.

बी-१०४ ताई: मला वेगळी भीती आहे. आपण आत गेलो की घरपट्टी वाढणार. फुरसुंगी आणि उरुळी देवाचीचं काय झालं ते आठवतंय ना? २०१७ मध्ये पुणे महापालिकेत घेतलं, लोक कराला वैतागले, शेवटी बाहेर काढून २०२४ मध्ये वेगळी नगरपरिषद करावी लागली.

सी-१०१: म्हणजे आपली नगरपरिषद बरखास्त होणार? नुकतीच तर निवडणूक झाली. इतकी वर्षं प्रशासक होता, आता कुठे दारात येणारा माणूस मिळालाय.

ए-३०४ वकील ताई: थांबा, दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. फुरसुंगीचं प्रकरण महापालिकेच्या हद्दवाढीचं होतं. हद्दवाढीत जुनी संस्था संपते आणि कर, कर्मचारी, मालमत्ता सगळं महापालिकेकडे जातं. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचं तेच. २००२ मध्ये महापालिकेतून बाहेर काढली, २०१५ मध्ये परत घेतली, वाद अजून धुमसतोय.

प्राधिकरणाच्या क्षेत्रात समावेश झाला म्हणून नगरपरिषद संपत नाही. अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर कितीतरी वर्षं एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबईच्या प्राधिकरणाच्या, क्षेत्रात आहेत, आजही नगरपरिषदाच आहेत. पीएमआरडीएच्या क्षेत्रात लोणावळा, तळेगाव दाभाडे, आळंदी, चाकण आहेत. तिथे नगराध्यक्ष आहेत, घरपट्टी नगरपरिषदच घेते. त्यामुळे ताई, आत गेल्यामुळे घरपट्टी वाढणार हे खरं नाही.

बी-१०४ ताई: हे मला माहीत नव्हतं. मग विरोध कशाला करायचा?

ए-३०४ वकील ताई: विरोध करा असं मी म्हणत नाही. पण एक लक्षात घ्या, ही सभा फक्त अभिप्राय देणार आहे. निर्णय शासन अधिसूचना काढून घेतं. आपल्याला काही मागायचं असेल तर ते आत्ता, अभिप्रायातच घालून घ्यायला हवं. एकदा अधिसूचना निघाली की आपलं कोण ऐकणार?

सी-३०३: आत गेलो की प्राधिकरणावर आपला प्रतिनिधी असेलच ना?

ए-३०४ वकील ताई: तिथेच गोम आहे. प्राधिकरणाचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात, बाकी मुख्यतः मंत्री, सचिव, आयुक्त. लोकांनी निवडलेल्या स्थानिक माणसांसाठी राज्यघटनेत वेगळी तरतूद आहे, महानगर नियोजन समिती. ७४ व्या घटनादुरुस्तीने ती आणली, कलम २४३ झेडई. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महानगर क्षेत्रात ही समिती असायला हवी आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडून द्यायचे.

वाचायला छान वाटतं. पण जागा लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या जातात. पुण्याच्या समितीच्या ३० निवडून द्यायच्या जागांपैकी २०२१ च्या निवडणुकीत २२ दोन्ही महापालिकांच्या होत्या, ७ ग्रामीण भागाच्या आणि सगळ्या नगरपरिषदा मिळून १. एवढ्या मोठ्या महानगर प्रदेशातल्या सगळ्या लहान शहरांना मिळून एकच माणूस. आपल्याकडेही याहून फार वेगळं होणार नाही. तेव्हा तिथे बसून आपलं कुणी भांडेल या भरवशावर राहू नका. जे हवं ते कागदावर घ्या.

चेअरमन: चांगली माहिती दिलीत ताई. बी-४०२ काका, तुमची हयात बांधकाम खात्यात गेली. तुमचं काय मत?

बी-४०२ काका: सकाळपासून वाचतोय. जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी समावेशाच्या बाजूचा आहे. शहराबाहेरून येणारं पाणी, दोन तालुक्यांतून जाणारा रस्ता, सहा गावांचा कचरा, ही कामं एकट्या नगरपरिषदेच्या कुवतीबाहेरची आहेत. नदी काही प्रभागाची हद्द बघून वाहत नाही. कुणीतरी वरून सगळ्याचा नकाशा एकत्र बघायलाच हवा.

माझा मुद्दा वेगळा आहे. काम बांधतो कोण यावर सगळे बोलतात. काम झाल्यावर ते सांभाळतो कोण, यावर कुणी अवाक्षर काढत नाही. आणि शहराचं नुकसान तिथेच होतं.

काकूंच्या गेटसमोरचं पाणी घ्या. पावसाळ्याआधी मी तिथे उभा राहून बघितलं आहे. बाहेरचा मोठा रस्ता दुसऱ्या यंत्रणेने केला, काम चांगलं आहे, काँक्रीट नीट आहे, दोन्ही बाजूंना आरसीसी गटार आहे. पण ते गटार आपल्या हद्दीच्या दगडापाशी येऊन थांबतं. पुढे नगरपरिषदेचा जुना दगडी नाला. नव्या गटाराचा तळ आणि जुन्या नाल्याचा तळ यांत दीड-दोन हातांचा फरक आहे, आणि तो उलटा आहे. आपला नाला वर, त्यांचं गटार खाली. पाणी चढावर जाणार कसं? ते मागे फुगतं आणि सगळ्यात सखल जागा शोधतं. ती जागा म्हणजे आपलं गेट.

आता यात चूक कुणाची? रस्ता करणाऱ्याच्या अंदाजपत्रकात काम हद्दीपर्यंतच होतं, त्याने तेवढं केलं, मोजमाप पुस्तकात नोंद झाली, बिल निघालं. नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकात त्या नाल्याचं कामच नव्हतं. दोघांचे कागद चोख आहेत. पाणी मात्र काकूंच्या पायरीवर आहे.

ए-००२ काकू: अगदी हेच. मी दोन्हीकडे अर्ज दिले. दोघांनी एकमेकांचं नाव सांगितलं.

सी-३०३: काका, पण दोन्ही यंत्रणा एका नियोजनाखाली आल्या तर हा घोळ मिटेल ना?

बी-४०२ काका: आपोआप मिटणार नाही, बाळा. हिंजवडीतच बघ. एमआयडीसी आहे, पीएमआरडीए आहे, ग्रामपंचायत आहे, आणि रस्त्यावर पाणी साचलं की पहिला प्रश्न तोच, हा तुकडा कुणाचा. एका क्षेत्रात असणं वेगळं आणि हस्तांतरण ठरलेलं असणं वेगळं.

हस्तांतरणात काय होतं ते सांगतो. मोठी यंत्रणा काम पूर्ण करते. ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी चालू असतो, म्हणजे त्या मुदतीत काही उखडलं, तडा गेला तर त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं, त्यासाठी त्याची सुरक्षा ठेव अडकवून ठेवलेली असते. बरेचदा ही मुदत संपत आली की नगरपरिषदेला पत्र येतं, मालमत्ता ताब्यात घ्या. नगरपरिषद म्हणते आधी दुरुस्त करून द्या, आमच्याकडे माणसं नाहीत, वीजबिल कोण भरणार. पत्रं जातात, येतात. तेवढ्यात मुदत संपते, ठेव परत जाते, ठेकेदार मोकळा. त्यानंतर पडलेल्या खड्ड्याला मायबाप नसतो.

पाणी योजनेचं याहून अवघड. पंप, जलशुद्धीकरण केंद्र, वीज, क्लोरीन, ऑपरेटर. बांधायला वरून अनुदान मिळतं, चालवायला महिन्याच्या महिन्याला पैसा लागतो. तो पाणीपट्टीतूनच उभा करायचा. ताई, घरपट्टी वाढेल अशी तुमची भीती होती ना, ती मी पाणीपट्टीबद्दल धरीन.

बी-१०४ ताई: काका, वित्त आयोगाचा निधी येतो की नगरपरिषदेला. त्यातून देखभाल होणार नाही?

बी-४०२ काका: थोडीफार. पण तो सगळा हवा तसा खर्चता येत नाही. १५ व्या वित्त आयोगात आपल्यासारख्या लहान शहरांच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छता याच कामांना. पगारालाही तो वापरता येत नव्हता. रस्त्याच्या दुरुस्तीसाठी उरतं ते फार थोडं. त्यात नवीन मोठा रस्ता अंगावर पडला तर पथदिव्यांचं बिल भरतानाच दम निघेल.

सी-१०१: मग हद्दवाढ नको आणि प्राधिकरणही नको, आहे तेच बरं असं म्हणायचं का?

बी-४०२ काका: नाही. कोल्हापूरला हद्दवाढीऐवजी २०१७ मध्ये ४२ गावांचं प्राधिकरण केलं, तरी हद्दवाढीची मागणी थांबली नाही. कारण पाटी बदलून लोकांचा प्रश्न सुटत नाही. त्यांना पाणी, रस्ता, गटार हवं असतं आणि ते बिघडलं की जाब विचारायला कुणीतरी हवं असतं. आपण आत जाऊ, पण जाब कुणाला विचारायचा हे लिहून घेऊन जाऊ. माझं एवढंच म्हणणं आहे आणि त्यासाठी मी पाहिजे तिथे येईन.

चेअरमन: पटलं. मग पत्रात नेमकं काय घालायचं?

बी-४०२ काका: प्राधिकरण शहरात जे काम करील त्याच्या अंदाजपत्रकालाच नगरपरिषदेच्या अभियंत्याची सही हवी, पातळ्या जुळल्या आहेत म्हणून. काम झाल्यावर नाही, आधी. नुसत्या ना-हरकत पत्रावर भागवायचं नाही. दुसरं, हस्तांतरण दोषदायित्व कालावधी संपायच्या किमान एक पावसाळा आधी, दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एकत्र पाहणी करून. गटाराची परीक्षा उन्हाळ्यात होत नसते. आणि तिसरं, चालवायचा खर्च किती आणि तो कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे हिशेबाच्या कुठल्या सदरातून, हे मंजुरीच्या वेळीच सभेपुढे यावं.

ए-३०४ वकील ताई: यात मी एक भर घालते. बांधकाम परवानगी आणि विकास आराखडा. नगरपरिषद स्वतःच्या हद्दीत नियोजन प्राधिकरण असते, म्हणजे ही दोन्ही कामं तिच्याकडे असतात. ते अधिकार तसेच राहणार की शासन एखाद्या भागासाठी विशेष नियोजन प्राधिकरण नेमणार, हे स्पष्ट लिहून मागा. पुण्यात २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, पण त्यांच्या आराखड्याचं काम पीएमआरडीएकडे ठेवलं, त्यावरून बराच वाद झाला. कर एकीकडे भरायचा आणि नकाशा दुसरीकडे, असं आपलं व्हायला नको. परवानगीबरोबर विकास शुल्क येतं, ते कुठे जमा होणार हाही प्रश्न त्यातलाच. रस्ते-गटारं आपण सांभाळायची तर शुल्काचा वाटा आपल्याला हवा.

सी-३०३: हे मुद्दे मान्य. माझा पाठिंबा कायम आहे, पण अटींसह असं लिहा. काका, त्या गटाराच्या तळाचं आत्ता काही करता येईल का? समावेश होईपर्यंत वर्षं जातील.

बी-४०२ काका: येईल. माहिती अधिकारात फक्त कागदच मागता येतात असं लोकांना वाटतं. २००५ च्या कायद्यात कलम २(जे) मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करणं आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेसुद्धा आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. रस्ता करणाऱ्या यंत्रणेकडून गटाराचा लांबीछेद मागायचा, त्यात ठिकठिकाणची तळपातळी लिहिलेली असते. नगरपरिषदेकडून जुन्या नाल्याची पातळी. दोन्ही कागद शेजारी ठेवले की कुणी काही बोलायची गरज उरत नाही, आकडेच बोलतात. मोजमाप पुस्तकाची प्रतही मागा, बिल कुठल्या मीटरपर्यंत निघालं ते कळेल. कुणी तरुण सोबत आला तर पाहणीला मी जाईन, आता चेंबरमध्ये उतरणं मला जमत नाही.

सी-३०३: मी येतो काका. शनिवारी चालेल?

बी-४०२ काका: कार्यालय चालू असेल त्या दिवशी जाऊ, अभियंता समोर हवा. एक दिवस रजा टाक.

सी-३०३: टाकतो.

ए-००२ काकू: पावसाच्या वेळचे फोटो माझ्याकडे आहेत. पायरीवर कुठवर पाणी होतं ती खूण अजून भिंतीवर आहे, पुसू दिली नाही मी.

बी-४०२ काका: फार चांगलं केलंत. त्या खुणेपासून रस्त्याच्या कडेपर्यंतची उंची मोजून घेऊ, अर्जाला जोडता येईल.

बी-१०४ ताई: पाणी योजनेच्या खर्चाचं मी बघते. नगरपरिषदेचं मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक मिळवून पाणीपट्टीची वसुली आणि पाणीपुरवठ्याचा खर्च यांचा ताळमेळ काढते. तूट किती हे सभेआधी नगरसेविका ताईंच्या हातात असलं तर त्यांना बोलता येईल.

सी-१०१: शेजारच्या दोन सोसायट्यांनाही घेऊया का? त्यांच्या पार्किंगमध्येही हेच पाणी शिरतं.

सेक्रेटरी (ए-२०१): हो, त्यांच्या सेक्रेटरींशी मी बोलतो. वकील ताई, पत्राचा मसुदा आज रात्री टाकाल का? काका, पातळ्यांचा परिच्छेद तुमच्याच शब्दांत हवा.

ए-३०४ वकील ताई: टाकते. वरच विषय लिहीन: सशर्त सहमती, चार अटी. सह्या फ्लॅट क्रमांकासह घ्या.

चेअरमन: सह्यांचा कागद वॉचमनच्या टेबलावर ठेवतो. झाल्या की मी स्वतः आवक-जावक खिडकीवर देऊन शिक्क्याची पोच घेईन आणि पोचेचा फोटो इथे टाकीन. एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, एक नगराध्यक्षांना, एक नगरसेविका ताईंना.