घाशीराम कोतवाल (१९७६) सिनेमा दाखवायचाय, परवानगी कोणाकडून? मदत हवी आहे

नाटकाचं रेकॉर्डिंग नकोय, ते सहज मिळतं. मला हवाय तो १९७६ चा सिनेमा, युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हचा, म्हणजे मणि कौल, के. हरिहरन, कमल स्वरूप, सईद मिर्झा वगैरे मंडळींनी मिळून केलेला. पटकथा तेंडुलकरांचीच, मोहन आगाशे नाना आणि घाशीराम चक्क ओम पुरी! तरी नाटक तोंडपाठ असलेल्यांनाही हा सिनेमा माहीत नसतो, कमालच आहे.

पुण्यात आमचा छोटा फिल्म ग्रुप आहे, वीस-पंचवीस टाळकी, तिकीट नाही, सोसायटीचा हॉल आणि साधा प्रोजेक्टर, त्यामुळे रिळं मिळाली तरी उपयोग नाही, फाईल किंवा डिस्कच लागेल. नेटवरची कॉपी बघितली पण चित्र इतकं अंधुक की गर्दीच्या सीनमध्ये कोण कुठे उभंय तेच कळेना, आणि या सिनेमात सगळी मजा कॅमेरा त्या गर्दीतून कसा फिरतो यातच आहे, शिवाय असं परवानगीशिवाय दाखवणंही बरं नाही. बर्लिनच्या आर्सेनल संस्थेकडे प्रिंट होती आणि त्यावरून डिजिटल कॉपी केली गेली एवढं कळलंय. इथे एका ठिकाणी मेल टाकलाय, उत्तर नाही. थोडीफार फी द्यायची तयारी आहे, घाई नाही, दिवाळीनंतर चालेल.

को-ऑपरेटिव्ह तर कधीच बंद पडली, मग आज याचे हक्क नेमके कोणाकडे आहेत? आणि बर्लिनहून कोणी कधी असं स्क्रीनिंगसाठी काही मागवलंय का, इथून थेट लिहिलं तर देतात की मध्ये एखादी संस्था लागते?