प्रतिसाद: लोणारला मासे नाहीत म्हणून ते मृत कसं?

वर एकांनी लिहिलंय की लोणारच्या पाण्यात मासे नाहीत, म्हणजे ते मृत सरोवरच. हे मला अजिबात पटत नाही. आपण नाशिककर नांदूर मध्यमेश्वरच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या पाणथळ पक्षी अभयारण्याच्या, मापाने मोजतो. तिथे गोदावरी-कादवाचं वाहतं गोडं पाणी, मासे, गाळ, पाणवनस्पती, आणि त्यावर जगणारे पक्षी. लोणारला मुळात पाणी बाहेर जायला वाटच नाही. काळ्या बेसाल्टात उल्केने पाडलेला जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा, त्यात झऱ्यांचं आणि पावसाचं पाणी येतं, उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) १० च्या आसपास नोंदला गेलाय, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी!

पण याच पाण्यात स्पिरुलिनासारखे नीलहरित सूक्ष्मजीव भरभरून वाढतात. सगळी अन्नसाखळी त्यांच्यावर उभी आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत क्षारप्रिय आर्किया (जिवाणूंसारखे सूक्ष्मजीव) सापडले; तो रंग त्यांचाच. पाणी आटून खारटपणा वाढला की त्यांचं फावतं. मेलेल्या तळ्यात असं काही घडत नाही.

दोन्ही ठिकाणं रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आल्याचं २०२० मध्येच जाहीर झालं, आधी आपलं नांदूर मध्यमेश्वर, मग लोणार. मात्र 'पाणी वाढलं की पाणथळ सुधारते' हा आपल्याकडचा हिशोब तिथे लावू नका. गोडं पाणी जास्त आलं की क्षार पातळ होतात आणि तिथलेच खास जीव मागे पडतात. लोणार गावाचं सांडपाणी तळ्यात जाणं तर आधी थांबायलाच हवं.