लुचियाच्या वेडाच्या प्रवेशातली ती बासरीची जुगलबंदी: ठेवावी की काढून टाकावी?

मंद्रसप्तक

दोनिझेत्तीचा ‘लुचिया दि लाम्मेरमूर’ हा ऑपेरा ज्यांनी ऐकलेला नाही, त्यांच्यासाठी आधी गोष्ट. स्कॉटलंडमधली दोन हाडवैरी घराणी. लुचियाचा जीव जडतो तो नेमका भावाच्या शत्रूवर, एदगार्दोवर. झऱ्याकाठी दोघं एकमेकांना अंगठ्या देतात आणि तो फ्रान्सला निघून जातो. इकडे राजकारणात पार अडकलेल्या भावाला, एन्रिकोला, वजनदार आर्तुरोशी सोयरीक हवी असते. त्यासाठी एदगार्दोची पत्रं तिच्यापर्यंत पोहोचूच दिली जात नाहीत आणि तो दुसरीच्या नादी लागल्याचं एक बनावट पत्र तिच्या हातात ठेवलं जातं. ती आर्तुरोशी लग्नाच्या करारावर सही करते आणि लगेच एदगार्दो दारात उभा राहतो. त्याच रात्री ती नवऱ्याला भोसकते आणि भान हरपलेल्या अवस्थेत पाहुण्यांपुढे येते.

हा वेडाचा प्रवेश म्हणजे बेल कान्तोचं, गळ्याच्या तयारीवर आणि सजावटीवर उभ्या असलेल्या इटालियन गायनशैलीचं, शिखर. पण त्याच्या मधोमध ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि गायिका व बासरी मिळून लांबलचक ताना घेतात. हा तुकडा दोनिझेत्तीचा नाही. 1835 साली नेपल्सच्या सान कार्लो नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला तेव्हा तो नव्हता. गायनगुरू माथिल्दे मार्केसी यांनी आपली शिष्या, गायिका नेली मेल्बा हिच्यासाठी तो बांधला असं अभ्यासक मानतात. मेल्बानं तो 1889 मध्ये पॅरिसला गायला. म्हणजे दोनिझेत्ती जाऊन चाळीस वर्षं झाल्यावर.

शिवाय या प्रवेशात त्याला बासरी नकोच होती. ओल्या बोटांनी फिरत्या काचा घासून वाजवायचं काचेचं हार्मोनिका त्यानं योजलं होतं. हस्तलिखितात तो भाग खोडून बासरीला दिलेला दिसतो. वाद्यवृंद-संचालक टॉमस शिपर्सनं गायिका बेव्हर्ली सिल्सबरोबर 1970 मध्ये केलेलं ध्वनिमुद्रण ऐका, त्यात काचा आहेत. तो स्वर कुठून येतोय हे कळत नाही, आणि लुचियालाही तसेच आवाज ऐकू येत असतात. माझं मत स्पष्ट आहे: ती जुगलबंदी काढा, काचा परत आणा.

तारषड्ज

काचांबद्दल शंभर टक्के सहमत. जुगलबंदीबद्दल अजिबात नाही.

दोनिझेत्तीनं त्या ठिकाणी गायिकेसाठी जागा सोडली आहे. बेल कान्तोत अशी जागा गायिकेनं भरायचीच असते. कडवं दुसऱ्यांदा आलं की तेही ती सजवते. जे लिहिलंय तेवढंच गाणारी गायिका त्या काळात अर्धवट तयारीची ठरली असती. आपल्या संगीत नाटकांचंच बघा. छापील पदात चार ओळी असतात, रंगमंचावर ते पद किती फुलवायचं हे गाणारा ठरवतो, आणि त्याला कुणी नाटककाराशी बेइमानी म्हणत नाही.

शिवाय पहिली लुचिया फान्नी पर्सियानी हिनं झऱ्याकाठचं पहिलं गाणं बदलून दोनिझेत्तीच्याच दुसऱ्या ऑपेरातलं गाणं तिथं घातलं. 1839 च्या फ्रेंच आवृत्तीत त्यानं तो बदल स्वतःच स्वीकारला. जो संगीतकार गायिकेसाठी अख्खं गाणं बदलतो, तो जुगलबंदीवर रागावला असता हे मला पटत नाही.

मंद्रसप्तक

जागा सोडली आहे, मान्य. पण ती एका श्वासाची. तिथं काही मिनिटांची कसरत आली की प्रेक्षक मुलीचं दुःख विसरतो आणि गायिका वरच्या स्वराला पोहोचते की नाही एवढंच बघत बसतो. हा प्रवेश मुळात एफ मेजर या पट्टीत आहे. सर्रास तो एक स्वर खाली, ई फ्लॅटमध्ये गातात आणि शेवटी तारसप्तकातला ई फ्लॅट लावतात. दोनिझेत्तीनं तो लिहिलेलाच नाही. टाळ्या मात्र त्यालाच.

अनुरणन

तुम्ही दोघंही शब्दांकडे बघत नाही आहात. जुगलबंदी येते तेव्हा लुचिया रडत नसते. धूप दरवळतोय, पवित्र दिवे लागलेत, आपलं एदगार्दोशी लग्न लागतंय, असं तिला दिसत असतं. अखेर मी तुझी झाले, तू माझा झालास, असं ती म्हणते. तिच्या अख्ख्या आयुष्यातला एवढाच सुखाचा क्षण, आणि तोही खोटा. तिथं शब्द संपून नुसता स्वर उरणं मला फार खरं वाटतं.

दुसरं, त्या ताना कुठूनही उचललेल्या नाहीत. झऱ्याकाठच्या निरोपाच्या द्वंद्वगीताची चाल त्यात मधेच येते. तिला ती आठवतेय आणि साथ द्यायला एदगार्दो नाही, बासरी आहे. मार्केसीबाईंना हे नाटक उमगलं होतं. गायिका जोन सदरलँड 1959 मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहात या भूमिकेनं एका रात्रीत जगप्रसिद्ध झाली, ती काय नुसत्या गळ्यावर?

विंगेतून

वाद वाढवलेल्या भागावर चाललाय, कापलेल्या भागावर कुणीच बोलत नाही. वर्षानुवर्षं या ऑपेरातून लुचिया आणि धर्मगुरू राइमोन्दो यांचा प्रवेश गाळतात. माझ्या मते तो गाळणं हा सगळ्यात मोठा अन्याय.

भाऊ फसवणार हे तिला ठाऊक असतं. पण राइमोन्दो तिच्या बाजूचा, तिचा गुरू. तिला अखेरचा आधार त्याचाच असतो. तो काय सांगतो? देवाच्या सेवकानं आशीर्वाद न दिलेल्या शपथा देव मानत नाही, जगही मानत नाही. वर मेलेल्या आईचा आणि भावावरच्या संकटाचा हवाला देतो आणि तिला नमवतो. बनावट पत्रानं तिचं मन मोडतं, पण तिची शपथच खोटी ठरवतो तो हा माणूस. हा प्रवेश काढला की एका पत्रावर कोसळणारी दुबळी पोर उरते आणि वेडाचा प्रवेश आभाळातून पडल्यासारखा येतो.

हा ऑपेरा ज्यावर बेतलाय त्या वॉल्टर स्कॉटच्या 1819 च्या कादंबरीत मुलीवर खरा दाब आईचा आहे. कामारानोनं लिब्रेटोत, म्हणजे ऑपेराच्या संहितेत, आई मेलेली दाखवली आणि तो सगळा भार भाऊ आणि धर्मगुरू यांच्यावर टाकला. त्यातला अर्धा कापायचा आणि मग बासरीवर भांडायचं?

तारषड्ज

विंगेतून, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. वादळातला एदगार्दो-एन्रिकोचा प्रवेशही असाच गाळतात. तो नसेल तर दोघांचं द्वंद्व कधी ठरलं हेच कळत नाही आणि शेवटी एदगार्दो पूर्वजांच्या थडग्यांपाशी का उभा आहे याचा उलगडा होत नाही. पण यातून मंद्रसप्तक यांची बाजू सिद्ध होत नाही.

मंद्रसप्तक

मला तर होते असंच वाटतं. कापणं आणि वाढवणं एकाच हेतूनं झालंय, सगळा उजेड एकट्या गायिकेवर पडावा म्हणून. राइमोन्दोचा प्रवेश परत घ्या, वादळ परत घ्या, काचा परत आणा. एवढं ऐकून आलेल्या श्रोत्याला त्या जागी एक छोटी तान पुरते. अनुरणन म्हणतात तो खोट्या सुखाचा क्षण मूळ सुरावटीतच आहे.

अनुरणन

आहे, पण पाच सेकंदांत निसटून जातो. मी तरी तिला तेवढा वेळ देईन.