मॅडम येऊन गेल्या की मुलगी जास्त बिघडते. मंगळवारच्या भेटी बंद करायला सांगू का?

प्रश्न – गृहमाता, सोलापूर

नमस्कार. मी मुलींच्या बालगृहात गृहमाता आहे, हे सहावं वर्ष. माझ्याकडे 22 मुली आहेत. त्यातल्या एकीबद्दल विचारायचं आहे. तिला इथं चिमी म्हणते, काही तपशीलही बदललेत. वय नऊ. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरायला लागला होता तेव्हा आली. आई विड्या वळायची, ती वारली. वडिलांचा पत्ता नाही.

चिमी जेवायला बसली की अर्धी भाकरी फ्रॉकमध्ये घालते. गादीखाली, कपाटामागं, एकदा तर कंपासपेटीत सापडली. उन्हाळ्यात मुंग्या झाल्या, आता पावसात बुरशी येते. समजावलं, रागावले, पोटभर वाढलं, तरी तेच. रात्री अंथरूण ओलं करते. सोलापुरी चादर ओली झाली की पिळायला दोघी लागतात आणि या हवेत दोन दिवस वाळत नाही.

दर मंगळवारी साडेपाचला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम येतात. दार लोटून दोघी पाऊण तास बसतात. एकदा चहा द्यायला गेले तर जमिनीवर बसून भातुकली मांडली होती, बोलणं काहीच नाही. आणि त्या रात्री हमखास अंथरूण ओलं, कुणाला तरी चावणं, दोन वाजता उठून दाराशी जाऊन बसणं. मंगळवार आला की माझ्या पोटात गोळा येतो. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ‘तिनं सांगितलेलं मला सांगता येत नाही.’ मग रात्री उठून तिला जवळ घेणारी मी कोण?

त्यात शाळेतून निरोप आलाय, मुलगी मंद वाटते, आय.क्यू. काढून आणा. मला शिक्षण कमी आहे, पण पोरीची तळमळ दिसते. अधीक्षक बाईंना सांगून भेटी थांबवू का?

उत्तर 1 – चिंचोळी एमआयडीसी

मावशी, मी होममध्येच वाढलो. आता 27 वर्षांचा आहे, टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहे. आमच्याकडे दरवर्षी नवे सर-मॅडम यायचे. आपली गोष्ट सांगायची, त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, फोटो काढायचे, परत कधी दिसायचे नाहीत. चौथ्या वेळी मी सांगणंच सोडलं. तुमच्या मॅडम त्याच वारी, त्याच वेळेला येतात ना? मग बंद करू नका, हात जोडतो.

भाकरीचं म्हणाल तर माझ्या बॅगेत आजही बिस्किटाचा पुडा असतो. बायकोला माहीत आहे, ती काढत नाही.

उत्तर 2 – क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, होटगी रोड

ताई, मीही हेच काम करते, अकरा वर्षं झाली. तुमच्या मॅडम मी नव्हे. आधी एक विनंती. वय, आईचं काम, आल्याची वेळ हे एकत्र लिहिलं की जवळच्या माणसाला मूल ओळखू येतं. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नं तशी ओळख उघड करायला बंदी आहे. तपशील बदललेत ते बरं केलंत, आता यापुढं काही लिहू नका.

भेटी थांबवू नका. पण मंगळवारी रात्री ती बिघडते हे तुमचं निरीक्षण अगदी खरं आहे आणि ते मॅडमपर्यंत पोचायलाच हवं. भातुकलीत मूल स्वयंपाक करतं, कुणाला वाढतं, कुणाला उपाशी ठेवतं, आणि त्यातून त्याचं घर वर येतं. नऊ वर्षांच्या मुलीजवळ त्यासाठी शब्द नसतात, म्हणून आम्ही बोलायला लावत नाही. सव्वासहाला दार उघडतं आणि ते सगळं मनात घेऊन ती थेट प्रार्थनेच्या रांगेत उभी राहते. मी जाते त्या एका गृहात आम्ही एवढंच बदललं: भेट झाली की ती मुलगी अर्धा तास गृहमातेजवळ बसून शेंगा सोलायची. विचारायचं काही नाही, नुसतं शेजारी बसायचं. महिन्याभरात रात्री निवळल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच.

मॅडमनी न सांगणं बरोबर आहे, पण तेवढ्यावर थांबणं बरोबर नाही. मुलीनं काय सांगितलं ते तिचं गुपित. आज रात्री तिच्याशी कसं वागायचं, हे तुमच्यापासून लपवायचं काही कारण नाही. दर मंगळवारी त्या निघण्याआधी 10 मिनिटं मागा, हक्कानं मागा. त्यांना ती आठवड्यातून पाऊण तास दिसते, तुम्हाला रात्रंदिवस. (गुपितालाही मर्यादा आहे. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर पॉक्सो कायद्यानं आम्हाला कळवावंच लागतं. म्हणून मी पहिल्याच दिवशी मुलांना सांगते, ‘तुला कुणी त्रास देत असेल तर ते मी माझ्यापाशी ठेवणार नाही.’) एम.ए. नंतर दोन वर्षांचं एम.फिल., मग भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी, इतकं सगळं करून मी आले, पण रात्री दोनला मुलाला न लाजवता अंथरूण कसं बदलायचं हे मला गृहमातांनी शिकवलं.

ते असं: गादीवर मेणकापड, जड चादरीऐवजी पातळ दुपटं, उशाशी कोरडे कपडे. ओलं सगळ्यांच्या देखत वाळत घालायचं नाही. आणि त्याआधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्या, जंतुसंसर्ग असला तर आपण उगाच मनात कारणं शोधत बसतो.

भाकरी काढून घेऊ नका. पोट भरलेलं असतं, पण उद्या मिळेल याचा भरवसा नसतो. एका मुलासाठी तिथल्या गृहमातेनंच तोड काढली होती. झाकणाचा स्टीलचा डबा, त्यावर त्याचं नाव, आत कडक भाकरीचे तुकडे. आपली कडक भाकरी आठवडे टिकते, बुरशीचा प्रश्न नाही. डबा उशाशी. संपला की विचारायचं नाही, भरून ठेवायचा. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी रिकामा. मग दोन-तीन दिवसांनी. पाचव्या महिन्यात त्यात गोट्या निघाल्या.

आय.क्यू.ची घाई करू नका. इथं मला माझी चूक सांगायची आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पूर्व भागातला आठ वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. घरी तेलुगू. मी आय.क्यू.ची बिने-कामत चाचणी मराठीतून घेतली. ती 1930च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवलेली. तो गप्प राहिला आणि मी ‘सौम्य बौद्धिक अक्षमता’ असं लिहून दिलं. सहा महिन्यांनी स्वयंपाकघरातल्या पद्मशाली मावशींशी तो घडाघडा तेलुगू बोलताना ऐकला. मी तिथंच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सेग्विनचा फॉर्म बोर्ड काढला: लाकडी पाट, दहा आकार, दहा खाचा, बोलायची गरज नाही. तिसऱ्या फेरीला त्याचे हात इतके भराभर चालले की मी घड्याळ परत पाहिलं. मावशींना मदतीला बसवून बाकीची तपासणी पुन्हा केली, अहवाल मागं घेतला, मुलाला कुठं ठेवायचं हे ठरवणाऱ्या बाल कल्याण समितीला लेखी कळवलं. पण त्या कागदामुळं तो सहा महिने वर्गात मागच्या बाकावर बसला होता. ते मला भरून देता आलं नाही.

म्हणून विचारते, चिमी घरी कोणती भाषा बोलायची? कान आणि डोळे तपासलेत का? आणि तिला भावंडं आहेत का?

उत्तर 3 – निवृत्त परिविक्षा अधिकारी

ताई, शेवटचा प्रश्न सोडू नका. मुलांचं गृह वेगळं, मुलींचं वेगळं, त्यामुळे भावंडं एकाच दिवशी समितीपुढं येतात आणि दोन दिशांना जातात. सामाजिक तपासणी अहवाल, म्हणजे मुलाच्या घरच्या चौकशीचा कागद, 15 दिवसांत व्हायचा असतो, त्यात भावंडांची नोंद असते, पण ती फाईल गृहमातेच्या हातात कोण देतो? अधीक्षकांकडून वाचायला मागा. भाऊ असेल तर भेटी तिच्या वैयक्तिक काळजी आराखड्यात लिहून घ्या, महिन्यातून किती वेळा तेसुद्धा. मॅडमची शिफारस जोडा. तोंडी ठरलेलं एक बदली झाली की विसरलं जातं.

गृहमाता, सोलापूर

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मंगळवारी 10 मिनिटं मागितली. मॅडमच म्हणाल्या, ‘मला वाटायचं तुम्हाला कामातून सवड नसते.’

चिमी झोपेत ‘तम्मुडू, तम्मुडू’ करते. आम्हाला वाटायचं, कुणा पोराचं नाव असेल. तुमचं वाचून आमच्या भाजीवाल्या आक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, अगं तेलुगूत तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. फाईल वाचली. भाऊ आहे, सहा वर्षांचा, दुसऱ्या गृहात. आठ महिने मी तिच्याजवळ झोपते आणि मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही.

अधीक्षक बाईंनी समितीकडे अर्ज दिला, मॅडमनी चिठ्ठी जोडली. या शनिवारी भेट आहे. शाळेला कळवलंय की तपासणी तेलुगू येणाऱ्या माणसाला सोबत घेऊन होईल, तोवर थांबा.

डबा आणला, दुकानातच नाव घालून घेतलं. पहिल्या रात्री तिनं उघडला नाही, पोटाशी धरून झोपली. अंथरूण अजून ओलं होतं, पण दाराशी जाऊन बसणं एकदाच झालं. एक विचारू का मॅडम, शनिवारी भावालाही तसाच डबा द्यावा का?

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, होटगी रोड

द्या ताई, पण चिमीच्या हातानं. भरायलाही तिलाच बसवा. आधी तिथल्या काळजीवाहकांना फोन करून सांगा, नाहीतर डबा त्याच रात्री कपाटात जाईल. आणि निघताना दोघांना पुढच्या भेटीची तारीख सांगा. दोन कागदांवर लिहून एकेक दोघांच्या डब्यात ठेवा. त्या रात्री ती रडेल, तुम्ही जाग्या राहा.