पोलीस ठाणं 'निषिद्ध जागा' नाही
काहीजण म्हणतात की पोलीस ठाण्यात गुपचूप रेकॉर्डिंग केलं तर थेट ऑफिशियल सिक्रेट्स अ‍ॅक्ट (सरकारी गुपितांचा कायदा) लागतो. नाही लागत. १९२३च्या त्या कायद्यातल्या 'निषिद्ध जागे'च्या (लष्करी तळ वगैरे) व्याख्येत पोलीस ठाणं बसतच नाही. वर्ध्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२मध्ये याच मुद्द्यावर गुन्हा रद्द केलाय.

इथे नाशकात गाडीचोरीची तक्रार द्यायला गेलो, तर "मोबाईल टेबलावर, उलटा ठेवा" म्हणून दरडावलं. डोक्यावर मात्र सीसीटीव्ही सुरू!

फक्त हुज्जत घालू नका, 'सरकारी कामात अडथळा' आणल्याचा गुन्हा लावायला वेळ लागत नाही. आणि रेकॉर्डिंगची मूळ फाइल फोनमधून उडवू नका. कोर्टात ती पुरावा म्हणून द्यायची तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या कॉपीला ते कोण देणार?