आईसाठी पाणी तापवायला: इलेक्ट्रिक किटली घ्यावी की मायक्रोवेव्हच पुरे? (मदत हवी आहे)

आई ७६ वर्षांची, साताऱ्याला एकटी राहते. मी पुण्यात. दोन महिन्यांपूर्वी गॅसवर पाणी ठेवून ती विसरली, पातेलं करपून काळं झालं. तेव्हापासून आम्ही तिला गॅस लावू देत नाही. स्वयंपाकाच्या मावशी दोन्ही वेळचं करून जातात, पण पहाटे साडेपाचला कोमट पाणी, मग चहा आणि रात्री गुडघे शेकायची रबरी पिशवी, एवढ्यासाठी गरम पाणी लागतंच.

म्हणून ती मायक्रोवेव्ह वापरायला लागली. गेल्या रविवारी मी तिथेच होते. काचेच्या गुळगुळीत मगात पाणी घेऊन तिने दोन मिनिटं लावली. मग बाहेर काढला तर एक बुडबुडा नाही, तिला वाटलं नीट तापलंच नाही. चमचाभर सुंठपूड टाकली मात्र, पाणी भसकन उसळून मनगटावर आलं. दोन फोड आले. वीस मिनिटं नळाच्या पाण्याखाली हात धरला, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

आता दीड लिटरची, १५०० वॅटची किटली बघून ठेवली आहे. पण तिचे हात थरथरतात, भरलेली किटली उचलवेल का? ओट्यावरचं सॉकेट जुनं, ६ अँपिअरचं. पाणी बोअरचं, भांड्यांवर पांढरा थर बसतो. भाऊ म्हणतो, घरात मायक्रोवेव्ह असताना वीज खाणारी आणखी एक वस्तू कशाला? मला बिलाची नाही, आईच्या हाताची काळजी आहे. अनुभव असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १

ताई, आईंचा हात आता कसा आहे? त्यांची काही चूक नाही. गुळगुळीत भांड्यात बुडबुडा धरायला जागाच नसते, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी शांत दिसतं. पूड पडली की कणाकणावर बुडबुडे धरतात आणि सगळं एकदम उसळतं. किटलीत तळाकडून उष्णता येते, बुडबुडे सतत सुटत राहतात, म्हणून तिथे हा धोका जवळपास नाही. मायक्रोवेव्ह वापरायचाच झाला तर आधीपासून पाण्यात लाकडी चमचा ठेवा आणि बंद झाल्यावर मिनिटभर थांबा.

विजेचं म्हणाल तर भाऊंचा हिशेब उलटा आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळायला ०.०९ युनिट लागतं. किटली थोडी उष्णता वाया घालवून साधारण ०.१ मध्ये ते करते. ८०० वॅटचा मायक्रोवेव्ह मात्र भिंतीतून १२०० वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे वीज जास्तच जाते.

प्रतिसाद २

वायरिंगची कामं करतो म्हणून सांगतो. १५०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका, एक्स्टेंशन बोर्डावर तर मुळीच नको. १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. व्होल्टेज १८० पर्यंत उतरलं तर ती किटली ९०० वॅटच्या आसपासच काम करेल, पाण्याला वेळ लागेल. बिघडली समजून आईंनी झाकण उघडून बघायला नको.

प्रतिसाद ३

झाकणाचं अगदी खरं. वाफ आतल्या पट्टीपर्यंत पोचली तरच किटली आपोआप बंद होते, झाकण उघडं राहिलं तर उकळतच राहते.

माझ्या सासूबाईंचेही हात थरथरतात. दीड लिटरची घेऊ नका, पाणीच दीड किलो होतं. पाऊण-एक लिटरची घ्या आणि ती नळाखाली न नेता जागेवरच तांब्याने भरायला सांगा. चहाचं दूध त्यात घालू नये, तळाला लागतं. क्षारांसाठी पंधरा दिवसांनी चमचाभर लिंबूसत्त्व घालून पाणी उकळा, अर्धा तास तसंच ठेवा, मग दोनदा विसळून घ्या. शेकायच्या पिशवीत उकळतं पाणी थेट ओतू नये, आधी थोडं गार पाणी घालावं.

आम्ही आणखी एक केलं. वरून दाबायचा, पंपाचा थर्मास आणला. संध्याकाळी बाई जाताना तो भरून ठेवतात. पहाटेचं कोमट पाणी त्यातूनच निघतं, काही उचलावं लागत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. फोड बसलेत, आई आता बरी आहे. थर्मासचं मला सुचलंच नव्हतं. पहाटेचं आणि रात्रीच्या पिशवीचं पाणी मावशी भरून ठेवतील, म्हणजे किटली फक्त चहापुरती. शनिवारी साताऱ्याला जाऊन १६ चा पॉइंट काढून घेते.

एकच राहिलं: पंप दाबायला जोर किती लागतो? आईच्या अंगठ्यात ताकद नाही, तळहाताने दाबला तर चालतो का?